जुना डबा, बाझाइट आणि भाच्याचा प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझ्या पीसीवर अकरा अधिकृतपणे बसत नाही, कारण प्रोसेसर सहाव्या जनरेशनचा. बाकी सगळं ठणठणीत, एएमडीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. इंदूरच्या जेल रोडला एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "भिया, अब इसको निकाल ही दो."

काढायचं कशाला म्हणून विंडोजच्या जागी बाझाइट नावाची लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकली. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकारावर बनवलेली, खास गेमिंगसाठीची, फुकट. कॉलेजात लिनक्स टाकलं होतं तेव्हा वायफाय चालू करण्यातच अख्खं सेमिस्टर गेलं होतं, त्यामुळे धाकधूक होती, पण यात स्टीम, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप, आधीच बसवलेलं येतं आणि एएमडीचा ड्रायव्हर वेगळा शोधावाच लागत नाही. मूळ सिस्टिमच्या फाइलींना आपण सहज हात लावू शकत नाही, अपडेट बाजूला तयार होतं आणि रीस्टार्टला लागतं, नाही पटलं तर बूट मेनूत आधीचं व्हर्जन असतंच. माझ्यासारख्या खाजवून खरूज काढणाऱ्या माणसाला हे फार बरं.

तरी दोन संध्याकाळी वाया गेल्याच. जुने गेम डी ड्राइव्हवर होते, म्हटलं परत कोण डाऊनलोड करणार, तोच ड्राइव्ह जोडला. प्ले दाबलं की बटण थोडा वेळ स्टॉप दाखवायचं आणि गुपचूप परत प्ले. एरर नाही, काही नाही. शेवटी कळलं की ड्राइव्ह एनटीएफएस आहे, विंडोजचा फॉरमॅट, आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीममधल्या प्रोटॉनचं त्याच्याशी नीट जमत नाही. ड्राइव्ह पुसला, लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये केला, विचर ३ परत उतरवला, पहिल्यांदा शेडर्सची (ग्राफिक्ससाठी आधी तयार करून ठेवायच्या छोट्या प्रोग्रामांची) पट्टी सरकेपर्यंत चहा झाला, आणि मग गेम असा चालला की विचारू नका.

खरं श्रेय बाझाइटपेक्षा प्रोटॉनचं आहे, असं माझं मत. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून चालू आहे, त्यावर व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणला. गेम डायरेक्टएक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत बोलतो आणि प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके ते जागच्या जागी लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या भाषेत करून कार्डाला सांगतं. आमची आजी नाही का, घरात मराठी, दुकानात हिंदी आणि भाजीवालीशी माळवी, मध्ये थांबणं म्हणून नाही, अगदी तसं. व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या स्टीम डेकवरच्या स्टीमओएसमध्येही हेच, फक्त ते आर्च या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं. (आणि हो, ओपन सोर्स म्हणून आपण मिरवतो खरे, पण स्टीम स्वतः काही ओपन नाही.)

मग दिवाळीत भाचा आला. "मामा, व्हॅलोरंट टाक ना."

नाही चालत. त्याचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात जाऊन बसतं, तिथे प्रोटॉनचा भाषांतराचा खेळ संपतो. फोर्टनाइटही नाही. ईझी अँटी-चीट नावाचं दुसरं एक तर २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतं, पण त्यालाही गेमवाल्याने हो म्हणायला पाहिजे, आणि बरेच जण म्हणत नाहीत. हे सगळं मी पोहे खाता खाता त्याला समजावलं.

"मग हा गेमिंग ओएस कसला?"

काउंटर-स्ट्राइक २ लावून दिला, तो सरळ लिनक्सवरच चालतो. अर्धा तास खेळला आणि मग स्वतःचा विंडोजवाला लॅपटॉप काढून माझ्याच टेबलावर बसला. मी विचर, तो व्हॅलोरंट, आणि वायफाय सगळं त्याने खाल्लं.