‘तो’चं ‘ती’ करताना

सोमवारी ऑफिसात चहा घेताना कुणीतरी विचारतंच, ‘मग, रविवारी काय केलंस?’ आम्ही दोघं सिंहगडावर गेलो होतो. पिठलं-भाकरी खाल्ली, उतरताना तो पावसात भिजला, रात्री त्याला कणकण आली. सांगताना मी म्हणतो, ‘ती भिजली, तिला कणकण आली.’ मराठीत क्रियापदच सगळं सांगून टाकतं, म्हणून प्रत्येक शब्द जपून टाकावा लागतो. एकदा ‘आला’ निसटलं आणि तळहाताला घाम फुटला. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मला कधी कुणी शिवी दिलेली नाही. घरमालकीणबाई ‘तुझा रूममेट’ म्हणतात, मावशी दर दिवाळीला स्थळ आणते, इतकंच. पण संध्याकाळी मान आखडलेली असते, पहाटे तीनला झोप मोडते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आम्हा समलिंगी माणसांना गुन्हेगारीच्या शिक्क्यातून सोडवलं. ही धास्ती मात्र सुटली नाही. इलान मायर या संशोधकाने २००३ च्या लेखात ‘मायनॉरिटी स्ट्रेस’, म्हणजे अल्पसंख्य म्हणून जगण्याचा ताण, उलगडून सांगितला आहे: आपल्याला झिडकारतील ही सततची भीती, स्वतःला लपवणं, यानेही माणूस खचतो. ते वाचून मी रडलो. इतकी वर्षं वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलंय.

काल ताईचा फोन आला. म्हणाली, ‘त्याचा ताप उतरला का रे?’

‘उतरला,’ म्हणालो. रात्री शांत झोपलो.