बाबांच्या किडनीचं पथ्य कुणाला विचारायचं?

बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 1.9 आलं आणि आमच्या रत्नागिरीच्या घरात पथ्याचे सल्ले द्यायला सगळा गोतावळा लोटला. वय सत्तर, ब्लडप्रेशर जुनं, ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, 37, म्हणजे किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, "मीठ कमी, प्रोटीन बेताचं" एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर एवढी माणसं ताटकळत होती की त्यांना तरी काय म्हणणार! पण बेताचं म्हणजे किती, हे विचारायचं राहूनच गेलं, आणि ते सांगायला बाकीचे सगळे तयार होते.

आत्या म्हणाली, रोज शहाळं द्या, किडनी धुऊन निघते. शेजारच्या काकांनी कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. व्हॉट्सॲपवर गोखरूचा काढा आला, डाळ पूर्ण बंद करा आला, भात सोडून नाचणी धरा आलं. यूट्यूबवर पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ काही आठवड्यांत क्रिएटिनिन निम्म्यावर आणणारी पावडर विकत होते. तो एक सोडला तर बाकीच्यांच्या मायेत काहीच खोट नव्हती. म्हणूनच नाही म्हणणं जड जात होतं.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम 5.7 निघालं. ते साधारण 5 च्या आत असायला हवं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कित्येकदा त्याआधी माणसाला काहीच जाणवत नाही. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "घरात मीठ कुठलं आहे?" मी पाकिटाचा फोटो मागवून घेतला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड. सोडियम कमी करायचं म्हणून त्याच्या जागी हे घातलेलं असतं. त्यात बाबांची ब्लडप्रेशरची गोळी टेल्मिसार्टन, तीही शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. वर रोजचं शहाळं, ज्यात पाचेकशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. धडधाकट किडनी एवढं बिनतक्रार बाहेर टाकते. बाबांची टाकू शकत नव्हती.

हे मीठ वाईट आहे असं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये घरच्या वापरासाठी त्याची शिफारस केली आहे, कारण त्याने ब्लडप्रेशर उतरायला मदत होते. पण किडनीचे रुग्ण, गरोदर बायका आणि मुलं यांना ही शिफारस लागू नाही, असं तिथेच लिहिलेलं आहे. आमच्या घरी पोचेपर्यंत ही अट गळून पडली होती. मला खोट्या माहितीपेक्षा या अर्धवट खऱ्या माहितीची जास्त धास्ती वाटते. खोटी निदान पकडता तरी येते.

मग माणूस शोधायला लागले. गावातल्या एका न्यूट्रिशन सेंटरमध्ये गेलो, तर त्यांनी बाबांचं वजन घेतलं, छापील तक्ता हातात दिला आणि प्रोटीनचा डबा पुढे सरकवला. फाइल मी मांडीवर घेऊन बसले होते, ती कुणी उघडायलाही सांगितली नाही. आम्ही उठून आलो. नंतर किडनीच्या डॉक्टरांनाच विचारलं की तुमचे पेशंट पथ्यासाठी कुणाकडे जातात. त्यांनी कोल्हापूरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. जाण्याआधी मी दोन गोष्टी पाहिल्या: आहारशास्त्रातली एम.एस्सी. आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. (रजिस्टर्ड डाएटिशियन) ही नोंदणी. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक नावापुढे न्यूट्रिशनिस्ट लावतात, त्यामुळे हे बघावंच लागतं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांतही आहारतज्ज्ञ असतात, केसपेपर काढून त्यांना भेटता येतं. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

त्या बाईंनी बराच वेळ काहीच सांगितलं नाही, नुसतं विचारत राहिल्या. आधी रिपोर्ट तारखेनुसार लावून घेतले, मग गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायला लावली. मग म्हणाल्या, "काका, सोलकढी रोज का? आगळ घरचं की विकतचं?" कोकमाच्या आगळात मीठ किती असतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण इतका वेळ एकाही तक्त्यात, एकाही व्हिडिओत त्याचा उल्लेख नव्हता. सुकी मासळी, लोणचं, पापडातला पापडखार, सगळं एकेक करून निघालं. आई आमटीला घालते तेवढं मीठ त्यांनी कागदावर काढायला सांगितलं, छोट्या काट्यावर ठेवलं आणि माणशी किती पडतं ते तिला दाखवलं. दिवसाचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आई त्या काट्याकडे बघतच राहिली.

प्रोटीनचा हिशोब वजनावर: किलोमागे 0.8 ग्रॅम. बाबा 60 किलोचे, म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम. डाळ बंद केली असती तर अंगावरचं मांस झडलं असतं, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. म्हणून दुपारी वाटीभर वरण, दूध मोजून, आणि आठवड्यातून काही वेळा माशाची एक तुकडी, ताजी.

नाचणीचं ऐकून मी चकित झाले. त्यांनी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटकांचे तक्ते उघडून दाखवले. त्यात पाचशेहून जास्त भारतीय पदार्थ आहेत. नाचणीत पोटॅशियम पॉलिशच्या तांदळाच्या जवळजवळ चौपट! ज्याला कॅल्शियम हवं त्याला नाचणी उत्तमच, पण पोटॅशियम 5.7 असताना बाबांना भातच बरा. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. करमळं (स्टार फ्रूट) किडनीच्या रुग्णाने अजिबात खायची नाहीत, त्यातलं विष मेंदूपर्यंत जातं. काढ्याबद्दल त्यांनी एवढंच म्हटलं की त्यात काय काय आहे ते लिहून आणा, मग डॉक्टरांना विचारू. विकणाऱ्याला ते लिहून देता आलं नाही. काढा बंद झाला.

हापूसचं बाबांनी स्वतः विचारलं. अर्धा, आणि त्या दिवशी दुसरं फळ नाही.

तक्त्याच्या वर बाईंनी बाबांचं नाव, तारीख, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन लिहिलं आणि खाली, "पुढचा रिपोर्ट येईपर्यंतच." पुढच्या रिपोर्टात पोटॅशियम 4.7 आलं, तसा तक्ताही बदलला आणि थोडी नाचणी परत आली. क्रिएटिनिन जिथल्या तिथे आहे. ते उतरेल असं बाईंनी कधी म्हटलंच नव्हतं, वाढू द्यायचं नाही एवढंच म्हणाल्या होत्या.

आत्याने तिच्या मैत्रिणीसाठी त्या तक्त्याचा फोटो मागितला, तिच्या यजमानांचंही क्रिएटिनिन वाढलंय. मी फोटो दिला नाही. बाईंचा नंबर दिला आणि सांगितलं की रिपोर्ट, सगळ्या गोळ्या आणि घरातल्या मिठाचं पाकीट घेऊन जा.