आजीची गोळ्यांची पिशवी

आज नर्सिंगच्या थर्ड इयरच्या माझ्या पोरींची कम्युनिटी पोस्टिंग (गावात घरोघरी जाऊन शिकायचं) होती, नागपूरजवळ कळमेश्वरकडच्या एका गावात. सध्या कापूस वेचणी चालू आहे त्यामुळे दिवसा गेलं की घरी फक्त म्हातारी माणसंच सापडतात, आणि खरं सांगू का मला तेच पाहिजे होतं, मुलगा-सून समोर असले की सगळी उत्तरं तेच देतात आन् आजी नुसती बघत बसते.

पोरी हुशार आहेत बाप्पा. पेपर अंथरून, हात धुऊन, बॅग टेक्निक (घरभेटीची बॅग स्वच्छ ठेवून वापरायची पद्धत) एकदम परफेक्ट. एका आजीचं बीपी 170/100 आलं, उभं करून 3 मिनिटांनी परत घेतलं (वरचा आकडा 20 नं उतरला तर पडायची भीती, हे त्यांना पाठ आहे), तसा काही फरक नव्हता. मग सुरू झालं लेक्चर, मीठ कमी, लोणचं-पापड बंद, गोळी रोज घ्यायची. आजी आपली "हो वो बाई, हो". म्हातारी माणसं पाहुण्याचं मन राखायला हो म्हणतात, हे कोणत्याच सिलॅबसमध्ये नाही.

मी म्हटलं, आजी गोळ्या दाखवता का जरा? फळीवरची कापडी पिशवी खाटेवर ओतली तर सगळ्या कापलेल्या पट्ट्या, ना नाव ना एक्सपायरी. विचारता विचारता कळलं की पीएचसीतली (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातली) बीपीची गोळी आधी पांढरी यायची, मागच्या वेळी दुसऱ्या कंपनीची गुलाबी आली, तर आजीनं ती घेतलीच नाही. "ते माही गोळी नाई वो, चुकून दुसऱ्याची देली मले." आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली मात्र रोज दोन, त्या पट्टीवर 'डायक्लो' एवढंच उरलेलं. ही दुखण्याची गोळी, डायक्लोफेनॅक, बीपी वाढवते, वर या वयात किडनीचीही काळजी. पोरी एकदम गप्प.

गावातल्या आशाताईंना (आशा वर्कर) बोलावलं, पीएचसीच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले दुखण्याची बंद करा आणि उद्या घेऊन या. आजी पंच्याहत्तरच्या पुढची, 2022 पासून एसटी फुकट आहे तिला, पण गावात एसटी यायला तर पाहिजे! शेवटी आशाताईंच्याच गाडीवर जायचं ठरलं.

लॉगबुकात यातल्या कशालाच कॉलम नाही, 'हेल्थ एज्युकेशन दिले' लिहून पोरींनी माझी सही घेतली. परतताना गाडीत सांगितलं, यापुढे बीपीचं मशीन काढायच्या आधी गोळ्यांची पिशवी बघायची. तर मागून आवाज, मॅडम याला मार्क आहेत का?

म्हटलं, पाच. आता कुठून देते ते बघू.