तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॅबवरच्या खास लेबलांना काही अर्थ असतो का?

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ‘सिल्व्हर ईगल’ ही तिथल्या टांकसाळीची चांदीची नाणी मागवणारे परिचित मला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. एकाच सालाची आणि एकाच ग्रेडची, म्हणजे ७० पैकी ७० मिळालेली दोन नाणी प्लॅस्टिकच्या बंद स्लॅबमध्ये समोर असतात. एकाच्या लेबलवर फक्त साल आणि ग्रेड असतो, तर दुसऱ्याच्या लेबलवर ‘फर्स्ट स्ट्राइक’ असे शब्द, झेंड्याचे रंगीत चित्र किंवा कोणाची तरी सही असते, आणि तेवढ्यासाठी विक्रेता जास्त पैसे मागतो. ते द्यावेत का? माझे उत्तर असे आहे की लेबल नाण्याविषयी काही सांगत असेल तर जरूर द्यावेत, आणि ते नाणे कधी पाकिटात घालून पाठवले एवढेच सांगत असेल तर देऊ नयेत.

मुळात ग्रेडिंगची, म्हणजे नाण्याची प्रत ठरवून ते स्लॅबमध्ये बंद करण्याची, व्यवस्था ग्राहकाच्या सोयीसाठी आली. पीसीजीएस ही कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी मांडलेली १ ते ७० ही मोजपट्टी त्यांनी वापरली, आणि विकणारा व घेणारा यांच्याखेरीज तिसऱ्या कोणीतरी नाणे अस्सल आहे की नाही व त्याची प्रत काय हे सांगण्याची पद्धत रुजवली. झिजलेल्या, घासलेल्या, धुतलेल्या जुन्या नाण्यांच्या बाजारात हे फार मोठे काम होते आणि आजही आहे. नव्या नाण्यांची गोष्ट वेगळी पडते. आजच्या यंत्रांवर पाडलेली आणि जपून हाताळलेली नाणी इतक्या मोठ्या संख्येने ६९ किंवा ७० मिळवतात की केवळ ग्रेडवरून एक नाणे दुसऱ्यापेक्षा उजवे ठरवता येत नाही. मग विक्रेत्याला फरक हवा असतो, आणि तो लेबलवर येतो.

‘फर्स्ट स्ट्राइक’ हे शब्द वाचून कोणालाही वाटेल की हे नाणे नव्या कोऱ्या डायवरून, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या साच्यावरून, अगदी सुरुवातीला पाडलेले आहे. प्रत्यक्षात पीसीजीएसच्या या लेबलचा आणि एनजीसीच्या ‘अर्ली रिलीजेस’ व ‘फर्स्ट रिलीजेस’ या लेबलांचा आधार एकच आहे: टांकसाळीने नाणे विक्रीला काढल्यापासून साधारण ३० दिवसांच्या आत ते ग्रेडिंग कंपनीकडे पोहोचलेले असले पाहिजे, किंवा सीलबंद खोक्यावरच्या टपालाच्या शिक्क्याने ती मुदत सिद्ध झाली पाहिजे. अमेरिकेच्या टांकसाळीने याबाबत स्पष्ट निवेदन केलेले आहे की नाणी कोणत्या क्रमाने पाडली गेली याची नोंद ती ठेवत नाही, आणि काही खोक्यांवर दिसणारे क्रमांक केवळ गुणवत्ता तपासणीसाठी असतात. शिवाय विक्री सुरू होण्याच्या कितीतरी आठवडे आधीपासून उत्पादन चालू असते आणि त्या काळात डाय अनेकदा बदलल्या जातात. त्यामुळे एकाच प्रेसवर एकापाठोपाठ पडलेल्या दोन नाण्यांपैकी एक मुदतीत पाठवले गेले म्हणून ‘फर्स्ट स्ट्राइक’ ठरते आणि दुसरे मालकाने महिनाभर कपाटात ठेवले म्हणून साधे राहते, हे सहज घडू शकते. हे मला मनापासून खटकते, कारण नवख्या संग्राहकाला ते शब्द काहीतरी वेगळेच सांगतात.

डायवरचे सुरुवातीचे ठसे खरोखरच वेगळे असतात, आणि ते ओळखायला तारखेची गरज नसते. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेला मॉर्गन डॉलर हातात घ्या. डाय नुकतीच पॉलिश केलेली असेल तर नाण्याची मोकळी जागा आरशासारखी चकाकते आणि त्यात प्रतिबिंब दिसते. अशा नाण्याला ‘प्रूफलाइक’ म्हणतात, आणि लेबलवर तसे लिहिलेले असेल तर ते नाण्याविषयीचेच विधान असते. डाय जशी थकते तशी ती चकाकी जाते, बारकावे बोथट होतात आणि डायला गेलेल्या तड्याची उंच रेघ नाण्यावर उमटते. नाणे आपला क्रम स्वतःच सांगते. तो वाचायला भिंग आणि सराव पुरतो.

सह्यांच्या लेबलांबद्दल माझे मत थोडे सौम्य आहे. जॉन मर्केंटी हे अमेरिकन टांकसाळीचे १२ वे मुख्य नक्षीकार, आणि १९८६ पासून २०२१ पर्यंत सिल्व्हर ईगलच्या मागच्या बाजूवर असलेला गरुड त्यांचाच. त्यांची सही आपल्या संग्रहात असावी असे कोणाला वाटले तर ती भावना खरी आहे. फक्त आपण नाणे आणि स्वाक्षरी अशा दोन वेगळ्या वस्तू एका स्लॅबमध्ये घेत आहोत, हे ठाऊक असावे. सही कागदावर होते आणि तो कागद नंतर नाण्यासोबत बंद होतो. झेंडे, गरुड, शहरांची दृश्ये छापलेल्या लेबलांना तर तेवढाही आधार नाही.

आता ज्या लेबलांसाठी मी स्वतः आनंदाने पैसे देईन त्यांच्याकडे वळतो. २००८ च्या ‘डब्ल्यू’ या (वेस्ट पॉइंट टांकसाळीच्या) चिन्हाच्या सिल्व्हर ईगलपैकी अंदाजे ४७ हजार नाण्यांवर चुकून आदल्या वर्षाची मागची डाय वापरली गेली. ‘युनायटेड’ या शब्दातले पहिले अक्षर भिंगातून पाहिले की फरक कळतो: २००८ च्या डायवर त्या ‘यू’च्या उजव्या पायाशी बारीक शेपटी आहे, २००७ च्या डायवर ती नाही. लेबलवरची ‘रिव्हर्स ऑफ २००७’ ही नोंद नाण्यावर पडताळता येते, स्लॅबमधून काढले तरी ती खरीच राहते. याच्या उलट टोकाला मूळ-मालकीची आणि मूळ-ठिकाणाची लेबले असतात. १८५७ मध्ये बुडालेल्या ‘एसएस सेंट्रल अमेरिका’ या जहाजाचे सोने १९८८ मध्ये समुद्रतळाशी सापडले आणि त्यात सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची, १८५७ सालची, वीस डॉलरची हजारो सोन्याची नाणी होती. त्यांपैकी एखादे स्लॅब फोडून मोकळे केले तर ते नेमके त्या जहाजावरचेच होते हे सिद्ध करणे फार अवघड होते. तिथे लेबल इतिहासाचा पुरावा म्हणून काम करते, आणि म्हणून त्याची किंमत न्याय्य आहे.

आपल्या इथल्या नाण्यांत याचे उत्तम उदाहरण राणी व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया आहे. या रुपयावरचे साल १८६२ असेच गोठवून तो पुढे १८७४ पर्यंत पाडला जात राहिला. मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूवर बारीक ठिपके टाकले आणि त्यांच्या संख्येवरून नाणे प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पडले हे ओळखता येते, असे अभ्यासक मानतात. म्हणूनच वर किती ठिपके आणि खाली किती हे स्लॅबच्या लेबलवर लिहिलेले असते, आणि ठिपक्यांच्या दुर्मिळ जोडीला साध्या जोडीपेक्षा बरीच जास्त किंमत मिळते. नाणे कधी पडले याचे उत्तर इथे धातूतच कोरलेले आहे. ठिपके मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि लेबल चुकले असेल तर तेही कळते. मी प्रत्येक वेळी आधी ठिपके मोजतो, मग लेबल वाचतो.

तेव्हा एखादे खास लेबल समोर आले की विक्रेत्याला आधी त्याच सालाच्या, त्याच ग्रेडच्या, साध्या लेबलच्या नाण्याची किंमत विचारावी. दोन किमतींतला फरक म्हणजे लेबलची किंमत. त्या रकमेच्या बदल्यात नाण्याच्या पृष्ठभागाविषयी, डायविषयी किंवा इतिहासाविषयी काय कळले, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. नातवाच्या जन्मसालाचे नाणे बारशाला द्यायचे असेल आणि रंगीत लेबल आवडले असेल तर ते खुशाल घ्यावे. भेटवस्तू सुंदर दिसली पाहिजे. परंतु तेच नाणे दहा वर्षांनी एखाद्या जाणत्या विक्रेत्यापुढे ठेवले तर तो बहुधा ग्रेड आणि चांदीचा भाव पाहूनच दाम सांगेल, हे घेताना धरून चालावे.