कणाचा आकार भट्टीच्या आधीच ठरतो

टंगस्टन कार्बाइड, म्हणजे टंगस्टन धातू आणि कार्बनचं संयुग, काही अभिक्रियांमध्ये उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनमसारखं वागतं, असं लेव्ही आणि बुडार्ट या संशोधकांनी १९७३ साली मांडलं. तेव्हापासून या कार्बाइडांच्या मागे बरेच जण लागले आहेत. मला हवे होते मॉलिब्डेनम कार्बाइडचे चार-पाच नॅनोमीटरचे कण. अडचण अशी की कार्बाइड व्हायला ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. म्हणून सच्छिद्र कार्बन घेतला. छिद्रांच्या भिंती कणांना अडवतात, आणि धातूला लागणारा कार्बनही तिथूनच मिळतो.

कोरा कार्बन पाण्याला जवळ करत नाही. अमोनियम हेप्टामॉलिब्डेट या मॉलिब्डेनमच्या मिठाच्या द्रावणाचा थेंब भुकटीवर नुसता गोळी होऊन बसतो. सौम्य नायट्रिक आम्लात गरम करून, धुऊन वाळवलेल्या कार्बनवर तोच थेंब आत मुरतो. कार्बन किती नायट्रोजन वायू शोषतो त्यावरून छिद्रांचं आकारमान काढलेलं होतं. द्रावण तेवढंच घ्यायचं. थेंब टाकत ढवळत राहिलं तरी भुकटी बराच वेळ कोरडीच दिसते. मग एकदम गुठळ्या धरू लागते. तिथे थांबायचं, कारण पुढचं द्रावण बाहेरच राहतं.

वाळवताना घाई नको. पाणी भराभर उडालं तर मीठ त्याच्याबरोबर बाहेरच्या पृष्ठभागाकडे सरकतं, आणि मोठे कण तिथेच तयार होतात.

हायड्रोजन-आर्गॉनमध्ये मिनिटाला एक अंश या गतीने तापवलं. कार्बाइड न झालेलं मॉलिब्डेनम ऑक्साइड उरलंय असं वाटलं की ‘तापमान वाढव’ हा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. हायड्रोजन धातूच्या मदतीने कार्बनचा मिथेन करतो, भिंती झिजतात आणि अडवून धरलेले कण मोकळे सुटतात.

थंड झाल्यावर नळी थेट उघडायची नाही. आधी एक टक्का ऑक्सिजन असलेला वायू काही तास सोडायचा. नाहीतर भुकटी हवेत आपोआप तापते, पेटूही शकते.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या चाचणीत) ३९.४ अंशांच्या कोनाजवळचं कार्बाइडचं शिखर छान रुंद आलं, म्हणजे कण बारीक आहेत. मात्र मॉलिब्डेनम डायऑक्साइडचं २६ अंशांवरचं शिखर कार्बनच्या पसरट उंचवट्यात दडू शकतं, म्हणून त्याचं दुसरं शिखर जिथे येतं तो ५३ अंशांच्या पुढचा भागही तपासला. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) बहुतेक कण छिद्रांच्या मापाचे दिसले, कडेला मोजके मोठेही होते. ते टाळण्यासाठी आता मॉलिब्डेनमचं प्रमाण कमी करून पाहतोय.