कार्सन सिटीचा ठसा, न्यू ऑर्लिन्सचे नाणे

सॅक्रामेंटोहून ५० क्रमांकाच्या महामार्गाने निघालो, सिएरा नेवाडाचा घाट ओलांडून टाहो सरोवराच्या काठाने पलीकडे उतरलो आणि दुपारी कार्सन सिटीला पोहोचलो. वालुकाश्मात बांधलेली तिथली जुनी टांकसाळ पाहायचे बरीच वर्षे मनात होते. १८७० ते १८९३ या काळात, मधली काही वर्षे वगळता, जवळच्या कॉमस्टॉक खाणींच्या चांदीची नाणी येथे पाडली जात आणि त्यांवर ‘सीसी’ ही खूण असे. आता या इमारतीत नेवाडा राज्याचे संग्रहालय आहे. टांकसाळीचे पहिले छापयंत्र तेथे आजही चालू स्थितीत आहे; पण मी सर्वाधिक रेंगाळलो तो आवारातल्या खोदकामात सापडलेल्या, गंजून काळ्या पडलेल्या बाद ठशांपाशी, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या पोलादी साच्यांपाशी.

नाण्यापेक्षा ठशाकडे आधी पाहण्याची सवय मला पुण्यात लागली. आजोबांच्या शिवराईंपैकी एकीवर ‘शिव’ आणि दुसरीवर ‘शीव’ असे लिहिलेले दिसले, तेव्हापासून प्रत्येक ठशामागचा हात मला जाणवू लागला. मॉर्गन डॉलर या अमेरिकेच्या चांदीच्या नाण्यांतही तेच सापडते. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१मध्ये पाडलेल्या या २६.७३ ग्रॅमच्या नाण्यांच्या ठशांवर टांकसाळीची खूण कारागीर हाताने ठोकत; ती कधी तिरकी बसे, कधी दुसऱ्या खुणेवर बसे. व्हॅन ॲलन आणि मॅलिस या दोघा अभ्यासकांनी अशा भेदांना क्रमांक दिले, म्हणून संग्राहक त्यांना ‘व्हॅम’ म्हणतात.

मला सर्वांत प्रिय आहे तो १९००चा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर. कार्सन सिटीत नाणी पाडणे थांबल्यावर तेथील मागच्या बाजूचे न वापरलेले ठसे फिलाडेल्फियाला परत गेले, तिथे ‘सीसी’वर न्यू ऑर्लिन्सची ‘ओ’ ही खूण ठोकली गेली आणि ते न्यू ऑर्लिन्सला रवाना झाले. ठशावर जे खोल असते ते नाण्यावर उंच उठते, म्हणून नीट न बुजलेल्या ‘सी’च्या कडा ‘ओ’च्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवट्यांसारख्या उरल्या.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिनिया सिटीच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात डॉलरांचा ट्रे चाळताना १९००चा एक ‘ओ’ हाती आला. भिंगाखाली पुष्पचक्राच्या गाठीखालची ती खूण पाहिली आणि श्वास रोखला गेला: डावीकडे एक बाकदार रेघ, उजवीकडे दुसरी. खुणेबद्दल काही न बोलता दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला मी ते नाणे घेतले. वर्षानुवर्षे डोळे शिणवून मिळवलेल्या ज्ञानाचा हा मोबदला मला रास्त वाटतो, मात्र विकताना त्यातले काहीही झाकून ठेवू नये, असे मी मानतो.

म्हणूनच पुढच्या महिन्यात एका नाणे-प्रदर्शनात ते मांडताना खुणेचे मोठे छायाचित्र, व्हॅम क्रमांक आणि नाण्यावरील मुखाच्या गालावरच्या ओरखड्याची नोंद सोबत ठेवली. नाणे घासून चकचकीत केले नव्हते. तसे केल्याने त्याचे मोल कायमचे उतरते. एका वयस्क गृहस्थांनी ते दिव्याखाली हळूहळू फिरवले आणि दोन्ही ‘सी’ दिसल्यावर म्हणाले, “कार्सनचाच आहे हा.” मग त्यांनी नोटा मोजल्या आणि नाणे रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.