पाचोरा-जामनेर, ९ मिलिमीटरच्या रुळावर

माझ्या मॉडेल रेल्वेवर आजचा दिवस काळ्या मातीचा. आजोळची पाचोरा-जामनेर लाइन दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर रुंदीची होती. १:८७ प्रमाणात ती पावणेनऊ भरते, म्हणून एन गेजचा (मॉडेल रेल्वेचं एक लहान माप) ९ मिलिमीटरचा रूळ चालतो. स्लीपरमधले जोड तेवढे कापून स्लीपर एकमेकांपासून लांब-लांब सरकवायचे.

रंग देण्यापेक्षा शेतातलीच माती घ्या, तो काळा रंग डबीतून येत नाही. पण आधी चहाच्या गाळणीतून चाळा आणि चुंबक फिरवा. बेसॉल्टमधले लोहकण मोटरीत शिरले की इंजिन अडतं. सुकताना ही माती तडकते, म्हणून निम्मी बारीक वाळू. ती चिकटवायला फेव्हिकॉल १ भाग, पाणी ३ भाग, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. नाहीतर पाणी मुरतच नाही. आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हासाठी रुळांच्या सांध्यांत अर्धा मिलिमीटर फट हवीच.